पाण्याचा अंदाज

‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ हे चार शब्द मराठी बातमीदारीत इतके रुळले आहेत की ते लिहिताना कुणाला विचार करावा लागत नसावा. किनारा बदलतो, गाव बदलतं, बुडालेल्यांचा आकडा बदलतो. हे चार शब्द तेवढे जागचे हलत नाहीत. वाचणाराही ‘आजकालची मुलं’ असं काहीतरी पुटपुटतो आणि पान उलटतो. या शब्दांत एक निवाडा दडलेला आहे. अंदाज समोरच्या पाण्यातच होता, गेलेल्यांना तो घेता आला नाही, म्हणजे चूक त्यांची. हा निवाडा मला मान्य नाही. उघड्या समुद्राच्या किनाऱ्यावर पाण्याचा अंदाज घाटावरून आलेल्या माणसाला नुसतं बघून येत नाही. उलट तिथलं सर्वांत घातक पाणी त्याला सर्वांत शांत दिसतं. तो अंदाज आधी कुणीतरी बांधायचा असतो, रोज सकाळी नव्याने बांधायचा असतो आणि वाळूत रोवून दाखवायचा असतो. आपल्या बहुतेक किनाऱ्यांवर हे काम कुणाचंच नाही.

तारखांपासून सुरुवात करू. 1 फेब्रुवारी 2016 ला रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. 15 एप्रिल 2017 ला मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या महाविद्यालयाच्या गटातले 8 जण गेले. एक तारीख पौषातली, दुसरी चैत्रातली. पावसाळ्याशी दोन्हींचा संबंध नाही. आता पंचांग उघडून बघा. मुरूडच्या दिवशी तिथी होती पौष वद्य अष्टमी. अष्टमीच्या सुमाराला भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक सर्वांत कमी असतो. कोकणात त्याला भांग म्हणतात, उधाणाच्या अगदी उलट. वायरीचा दिवस हनुमान जयंतीनंतरचा चौथा, म्हणजे पौर्णिमेचं उधाणही ओसरणीला लागलेलं. ‘समुद्र पावसाळ्यात वाईट, एरवी काही नाही’ आणि ‘अमावास्या-पौर्णिमा तेवढी सांभाळा’ या दोन समजुतींवर आपलं सारं किनारा-शहाणपण उभं आहे, आणि या दोन तारखा त्या दोन्ही समजुतींना पुरून उरतात. जून 2023 मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या दिवसांत जुहूला मुलं बुडाली, तेव्हा समुद्राचं रूपच सांगत होतं की आत जाऊ नका. त्या घटनेत बेफिकिरीचा मुद्दा निदान काढता तरी येतो. पण 3 ऑक्टोबर 2025 ला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शिरोडा-वेळागरला एकाच कुटुंबातली माणसं एकापाठोपाठ ओढली गेली, तेव्हा बेफिकिरी हे उत्तर पुरतं का?

शांत दिसणाऱ्या पाण्यात हा घात कुठून येतो, ते समजायला लाटेपासून निघावं लागतं. खोल समुद्रात लाट पुढे सरकते तेव्हा पाणी जवळजवळ जागच्या जागीच गोल फिरतं; पुढे जातो तो लाटेचा आकार. लाट उथळावर येऊन फुटली की मात्र खरोखरचं पाणी किनाऱ्याकडे फेकलं जातं. वाळूच्या किनाऱ्यासमोर, पाण्याखाली, काही अंतरावर बहुधा वाळूचा एक आडवा बांध तयार झालेला असतो. लाटा त्याच्यावर फुटतात आणि बांध व किनारा यांच्यामधल्या पट्ट्यात पाणी ओतत राहतात. तिथली पातळी बाहेरच्या समुद्राहून किंचित वर चढते. हे साठलेलं पाणी परत जाणार कुठून? भाताचं खाचर तुडुंब भरल्यावर पाणी सगळ्या बांधावरून सारखं वाहत नाही. बांधाला जिथे तोंड असेल तिथून ते जोरात निघतं. समुद्रातही तेच होतं. वाळूच्या बांधात जिथे खोलगट खिंडार असेल, तिथून दोन्ही बाजूंचं पाणी एकवटून बाहेर धावतं. हाच रिप करंट. त्याची रुंदी काही मीटरपासून काही दहा मीटरपर्यंत, आणि एरवीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. ऐकायला हा वेग किरकोळ वाटतो, पण एका मिनिटात तो माणसाला 30 मीटर आत नेतो. जोर धरला तर हाच प्रवाह सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जातो. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम झाला 46.40 सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला साधारण 2.15 मीटर. जगातला सर्वांत वेगवान पोहणारा, तलावाच्या स्थिर पाण्यात, जेमतेम पाऊण मिनिट जो वेग टिकवतो, त्याच्या तोडीचा प्रवाह पोटऱ्यांपर्यंत पँट दुमडून उतरलेल्या माणसाच्या वाट्याला येऊ शकतो.

आता हेच खिंडार किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला कसं दिसतं ते बघा. डावीकडे लाटा फुटताहेत, पांढरा फेस उसळतो आहे, आवाज होतो आहे. उजवीकडेही तसंच. मध्ये मात्र दहा-पंधरा पावलांची एक पट्टी अशी की तिथे लाट फुटतच नाही, कारण खाली पाणी खोल आहे. तिथलं पाणी जरा गडद, जरा गुळगुळीत. बारकाईने पाहिलं तर त्यावर फेसाचे ठिपके, काडीकचरा, ढवळलेली वाळू समुद्राच्या दिशेला सरकताना दिसते; पण असं बारकाईने बघायला कुणी शिकवलेलं असतं? मुलाबाळांना घेऊन आलेला शहाणा बाप लाटांचा धसका घेऊन मुलांना नेमका या पट्टीत उतरवतो. ‘तिकडे नको, इकडे लाटा नाहीत.’ त्याने अंदाज घेतलाच नाही असं म्हणता येणार नाही. त्याने तो घेतला, आणि विहीर, नदी, तलाव यांच्यावर पोसलेल्या सगळ्या अनुभवाला धरून घेतला. नदीत उसळतं पाणी वाईट आणि संथ पाणी बरं, हे कृष्णा-पंचगंगेच्या काठी वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. समुद्रकिनाऱ्यावर हा नियम उलटा होतो, आणि तेवढंच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पायाखालची वाळू सरकते ती ओढ वेगळी. लाट परतताना टाचांखालून वाळू निसटते, गुदगुल्या होतात, माणसं किंचाळतात आणि हसतात. ती ओढ काही क्षणांची आणि काही पावलांची असते. रिप करंट पायाला धरून खाली खेचत नाही. तो वरच्यावर, आडवा, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो खेचला गेल्याने नव्हे, तर दमल्याने. पाय सुटले, किनारा लांब जातो आहे हे दिसलं, की सगळं बळ एकवटून तो सरळ किनाऱ्याकडे हात मारू लागतो, म्हणजे प्रवाहाच्या बरोबर उलट. काही मिनिटांत दम संपतो, तोंडात पाणी जातं. आणि तो एकटा नसतो. आपल्याकडे कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांचे हात धरून साखळी करून उभं राहण्याची रीत आहे. ती सुरक्षित वाटते. एक लाट सगळ्यांनाच उचलते, पाय एकदमच सुटतात, आणि मग एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा जातो. बुडालेल्यांचे आकडे एक-दोन न राहता आठ किंवा चौदा का होतात, याचं एक उत्तर या साखळीत आहे. बेफिकिरीने नव्हे, मायेने माणसं जातात.

या प्रवाहाला मराठीत सर्वमान्य नाव नाही. ‘पाण्याला ओढ आहे’ एवढं किनाऱ्यावरची माणसं म्हणतात. बातम्यांत सरसकट ‘भोवरा’ किंवा ‘लाटेने ओढून नेलं’ असं येतं. दोन्ही वर्णनं चूक आहेत. इंग्रजीतही कधीकाळी हीच गत होती. फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकन भूवैज्ञानिकाने 1936 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लिहून जुन्या नावांची खोड काढली: हा प्रवाह पाण्याखालून ओढणारा नाही आणि त्याचा उगम भरती-ओहोटीतही नाही, तेव्हा याला रिप करंट म्हणा. नाव चुकलं की उपाय चुकतो. भोवरा म्हटलं की माणूस खाली जाण्याच्या धास्तीने धडपडतो; पण ‘पाण्याचा पाट, तो बाहेर जातो आणि पुढे विरतो’ एवढं डोक्यात असलं तर तो तरंगत राहून वाट बघू शकतो. शेपर्डच्या लेखाला नव्वद वर्षं होत आली, आणि आपण अजून भोवऱ्यातच आहोत.

मग सुटायचं कसं हे प्रत्येकाला शिकवलं की काम भागलं, असं म्हणणारे भेटतील. शिकवायला हवंच. पण त्या शिकवण्याला मर्यादा आहेत, आणि त्या मर्यादा संशोधनातूनच पुढे आल्या आहेत. ‘किनाऱ्याला समांतर पोहा, प्रवाहाबाहेर पडा’ हा जुना सल्ला. 2010 च्या सुमाराला जेमी मॅकमहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीएस लावलेले तरंगते ठोकळे रिप करंटमध्ये सोडून पाहिले. बरेचसे ठोकळे सरळ खोल समुद्रात न जाता गोल वळसा घेऊन पुन्हा फुटत्या लाटांच्या पट्ट्यात परत आले. याचा अर्थ, नुसतं तरंगत राहिलेला माणूस बऱ्याचदा आपसूक उथळावर येतो, आणि समांतर पोहणाऱ्याने चुकीची बाजू निवडली तर तो प्रवाहाच्या विरुद्धच हात मारत बसतो. पण प्रत्येक प्रवाह असा वळसा घेत नाही. काही बाहेर निघून जातात. म्हणून आजचा शहाणा सल्ला असा: घाबरू नका, पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा, दम राखा, आणि जमेल तेव्हा जिथे लाटा फुटताहेत त्या बाजूला सरका, कारण फुटणारी लाट म्हणजे खाली उथळ बांध आहे. यातली ‘मदत मागा’ ही पायरी नीट बघा. मदत मागायची कुणाकडे? उत्तर नसेल तर बाकीचा सल्ला अर्धाच राहतो.

स्थानिक लोक कसे बुडत नाहीत, हा यावरचा नेहमीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रश्नाच्या बाजूचं नाही. कोळी, गाबीत, भंडारी समाजांतली माणसं समुद्र रोज वाचतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी कायद्याने बंद असते, पण कायद्याच्या कितीतरी आधीपासून नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी न लोटण्याची रीत या समाजाने पाळली. पाणी ओळखणाऱ्यांनीच आपल्यावर सर्वांत कडक बंधन घालून घेतलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे. शिवाय त्यांचं ज्ञान एकदा मिळवून जन्मभर पुरणारं नसतं. वाळूचा बांध हलतो. मोठ्या लाटांच्या चार दिवसांत खिंडार एका जागचं दुसऱ्या जागी जातं. ओहोटीला बांधावरचं पाणी कमी झालं की परतीचं पाणी खिंडारातच कोंबलं जातं आणि ओढ वाढते, म्हणजे सकाळी अकराला ठीक असलेली जागा दुपारी दोनला ठीक असेलच असं नाही. कोकणातल्या किनाऱ्यांची ठेवण यात भर घालते. दोन डोंगरसोंडांच्या मध्ये पुळण, एका टोकाला खाडीचं मुख, ही आपल्या कितीतरी किनाऱ्यांची आकृती. सोंडेच्या कातळाला आपटलेलं पाणी कातळाच्या कडेकडेनेच बाहेर निघतं, आणि खाडीच्या मुखाशी ओहोटीचं सगळं पाणी अरुंद वाटेने समुद्राकडे सुटतं. म्हणजे फोटोसाठी सर्वांत देखणी जागा, कातळाच्या पायथ्याची, तीच बऱ्याचदा सर्वांत वाईट.

आणि काही गोष्टी तर रोज समुद्र बघणाऱ्यालाही काठावरून दिसू शकत नाहीत. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिकाच्या दिशेला, वादळं होतात. तिथे उठलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्यावर येतात. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा जथा दिवसाला साधारण 1000 किलोमीटर कापतो. म्हणजे इथे वारा पडलेला, आभाळ कोरडं, आणि सहा दिवसांपूर्वीच्या परक्या वादळाची लाट वाळूवर चढते. केरळच्या मच्छीमारांनी याला कल्लक्कडल नाव दिलं, चोरासारखा येणारा समुद्र. पुढे शास्त्रज्ञांनीही तोच शब्द उचलला. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचे इशारे देते. ते बंदरखात्याला जातात, मच्छीमारांपर्यंत पोहोचतात. गणपतीपुळ्याला देवदर्शन करून चप्पल हातात घेऊन पाण्याकडे निघालेल्या कुटुंबापर्यंत ते पोहोचवायचे कुणी? अंदाज न आल्याचा दोष त्या कुटुंबाला देताना हे विसरू नये की अंदाज सरकारदरबारी तयार होता.

माणसं दारू पिऊन उतरतात, सूचना ऐकत नाहीत, जीवरक्षकाशी हुज्जत घालतात, हा आक्षेप खोटा नाही. किनाऱ्यावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, तो असे दहा प्रसंग सांगेल. पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा? रस्त्यावरही दारुडे असतात. म्हणून आपण घाटाच्या वळणावरचे कठडे काढून टाकत नाही. शिवाय बेफिकीर माणसाचं बुडणं आणि न कळलेल्या माणसाचं बुडणं वेगळं मोजायची सोयच आपल्याकडे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात दरवर्षी 30,000 हून जास्त बुडीत मृत्यू नोंदले जातात. त्यांची वर्गवारी होडी उलटून, पाण्यात पडून आणि इतर, अशी. विहीर कुठली, नदी कुठली आणि समुद्र कुठला, हे त्यात वेगळं नाही. अमेरिकेतल्या जीवरक्षकांच्या संघटनेला आपल्या नोंदींवरून सांगता येतं की समुद्रकिनाऱ्यावरच्या सुटकांपैकी 80 टक्क्यांहून जास्त रिप करंटमुळे कराव्या लागतात. आपण असं कुठलंच वाक्य आकड्यानिशी बोलू शकत नाही, मात्र ‘मुलांनी ऐकलं नाही’ हे बिनआकड्याचं वाक्य ठामपणे बोलतो.

बंदी हा प्रशासनाचा आवडता उपाय. पूर्वी कलम 144, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. पावसाळा आला की आदेश निघतात, दुर्घटना झाली की सहलींचे नियम कडक होतात. आणीबाणीच्या चार दिवसांसाठी बंदी योग्यच. पण वर्षभर पर्यटनाच्या जाहिराती करायच्या, न्याहारी-निवासाला परवाने द्यायचे, आणि पाण्याशी मात्र ‘येथे पोहणे धोक्याचे आहे’ असा गंजका फलक लावून मोकळं व्हायचं, ही बंदी नव्हे, ही पावती आहे. उद्या विचारलं तर दाखवायला. अख्ख्या किनाऱ्याला लागू असणारा फलक काहीच सांगत नाही. तीन किलोमीटरच्या पुळणीवर आज कुठली शंभर मीटर बरी आणि कुठली वीस मीटर वाईट, किती वाजेपर्यंत, एवढंच उतरणाऱ्याला हवं असतं. हे काम फलकाचं नाही, हलवता येणाऱ्या झेंड्याचं आहे. लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्ये पोहा, लाल दिसला तर उतरू नका. जगात बऱ्याच ठिकाणी हीच खूण आहे, गोव्यातही आहे.

किनारा एवढा लांब, झेंडे हलवायला एवढी माणसं आणायची कुठून, हा यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. महाराष्ट्राचा किनारा शाळेत शिकलो तो 720 किलोमीटर. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचे किनारे अँड्र्यू शॉर्ट या संशोधकाने एकेक करून मोजले, भरले 10,685. त्या प्रत्येकाला त्याने धोक्याचे 1 ते 10 गुण दिले. सगळ्यांवर माणूस ठेवणं ऑस्ट्रेलियालाही परवडत नाही. तिथेही बरेच मृत्यू झेंड्यांबाहेर होतात. पण कुठे ठेवायचा हे गुणांवरून ठरवता येतं. तिथे बाँडाय किनाऱ्याचा जीवरक्षक क्लब 1907 मध्ये निघाला, सरकारी आदेशाने नव्हे, तर समुद्रस्नानाची चटक लागलेल्या गावकऱ्यांच्या हौसेतून. 6 फेब्रुवारी 1938 च्या रविवारी त्याच किनाऱ्यावर लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो माणसं एकदम बाहेर ओढली. 5 दगावली, बाकीची वाळूवर हजर असलेल्या जीवरक्षकांनी काढली. आपल्याकडे गोव्याने 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी, प्रशिक्षित जीवरक्षक ठेवले. मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई असे सहा किनारे अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली आहेत. तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गात शिरलं की समुद्र तोच, वाळू तीच, पण सुटका बहुधा जवळपास असलेल्या होडीवाल्याच्या किंवा जलक्रीडावाल्याच्या मर्जीवर येते. 720 किलोमीटर राखायचे नाहीत. माणसं उतरतात ते किनारे मोजके आहेत आणि ते प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाला तोंडपाठ असतात. पार्किंगचे पैसे जिथे घेतले जातात, तिथे एक माणूस आणि दोन झेंडे परवडतात.

झेंडे लावले की लोक जास्तच निर्धास्त होतील, असंही म्हणतात. होतीलही, पण झेंड्यांच्या मध्ये, जिथे कुणीतरी त्यांच्याकडे बघतं आहे. आज ते निर्धास्त आहेतच, आणि कुणी बघत नाही.

जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती हे कधी करतील ते करोत. तोवर बातमी लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. पुढची अशी बातमी आली की ते चार शब्द वगळा. त्या जागी लिहा की माणसं किनाऱ्याच्या कुठल्या भागात उतरली होती, कातळाशी की खाडीच्या तोंडाशी. तिथे जीवरक्षक होता का, झेंडा होता का, त्या दिवशी इन्कॉइसचा इशारा होता का. आणि ओहोटी किती वाजता लागली. शेवटची माहिती मिळवायला फार लांब जावं लागणार नाही. भरती-ओहोटीच्या वेळा कित्येक वर्तमानपत्रं आतल्या पानावर रोज छापतात.